जर्मनीत वाईन घेताना या चुका टाळा

मुंबई-पुण्यात परदेशी वाईनच्या एका बाटलीला जे पैसे मोजावे लागतात, तेवढ्यात जर्मनीत दोन-तीन चांगल्या बाटल्या येतात. साध्या, न फेसाळणाऱ्या वाईनवर इथे अबकारी कर शून्य आहे. किमतीत असतो तो फक्त १९ टक्के मूल्यवर्धित कर. तरीही इथे राहणारे कितीतरी मराठी लोक वर्ष-दोन वर्षांत 'जर्मन वाईन एक तर गोड, नाहीतर आंबट' असं ठरवून मोकळे होतात आणि पुढे कायम एकच ओळखीची इटालियन किंवा स्पॅनिश रेड घेत राहतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण गडबड वाईनमध्ये नसते, निवडताना होते. आणि निवडायला लागणारी जवळजवळ सगळी माहिती बाटलीवरच छापलेली असते. ती बहुतेक वेळा मागच्या लेबलवर असते, बारीक अक्षरात.

कमी पैशात मोठं नाव

बोर्दो, शाब्ली, कियांती ही नावं आपण भारतात ऐकलेली असतात, त्यामुळे हात आधी तिकडे जातो. पण प्रसिद्ध प्रदेशाची सर्वात स्वस्त बाटली हा जवळपास नेहमीच तोट्याचा सौदा असतो, कारण त्यात आपण नावाचे पैसे भरतो. पाच युरोची बोर्दो घेण्याऐवजी सात युरोची, जर्मनीतल्याच फ्रांकनची किंवा राइनहेसनची झिल्वानर घ्या, फाल्त्सची किंवा बाडनची वाइसबुर्गुंडर घ्या. द्राक्षांच्या या जाती आपल्याकडे फारशा कुणाला माहीत नाहीत, म्हणूनच त्या परवडतात.

दुसरं टोक म्हणजे अडीच-तीन युरोची बाटली. काच, बूच, लेबल, खोका, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा हे सगळं त्याच तीन युरोतून जायचं असतं आणि त्यातले ४८ सेंट करापोटी सरकारकडे जातात. मग द्राक्षांसाठी किती उरत असेल? बाटली आठ युरोची झाली तरी काच आणि वाहतुकीचा खर्च फारसा वाढत नाही, म्हणून वाढलेल्या पैशातला मोठा वाटा थेट वाईनमध्ये उतरतो. माझ्या मते रोजच्या जेवणासाठी सहा ते दहा युरो हा टप्पा सर्वात किफायतशीर आहे. त्यावर जायचं तर दुकान बदला. सुपरमार्केटमध्ये वीस युरो घालवण्यापेक्षा वाईनच्या दुकानात बारा घालवलेले बरे.

गोडीचा अंदाज चुकणं

सगळ्यात जास्त निराशा इथेच होते. जर्मन लेबलवर गोडीसाठी ठरलेले शब्द असतात. 'ट्रोकन' म्हणजे कोरडी, लिटरमागे जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर. 'हाल्बट्रोकन'मध्ये साधारण १८ ग्रॅमपर्यंत. 'लीबलिश' ४५ पर्यंत, म्हणजे स्पष्ट गोड. त्यापुढे 'झ्युस'. 'फाइनहेर्ब' या शब्दाची कायद्यात व्याख्या नाही. उत्पादक तो हाल्बट्रोकनच्या आसपासच्या वाईनसाठी वापरतात, पण कधी कधी बऱ्यापैकी गोड वाईनवरही तो दिसतो.

मोझेल नदीकाठच्या बाटल्यांवर मात्र पुष्कळदा यातला एकही शब्द नसतो. तेव्हा अल्कोहोलचा आकडा बघा. द्राक्षातल्या साखरेचंच आंबताना अल्कोहोल होतं. ती प्रक्रिया मध्येच थांबवली, तर उरलेली साखर वाईनमध्ये राहते आणि अल्कोहोल कमी भरतं. म्हणून रीझलिंग या जातीच्या व्हाइट वाईनवर ८ किंवा ९ टक्के लिहिलं असेल तर ती गोडसर असणार, १२ किंवा त्याहून जास्त असेल तर बहुधा कोरडी. हा एक आकडा वाचायची सवय लागली की निम्म्या तक्रारी संपतात.

याच्याच जोडीला 'काबिनेट', 'श्पेटलेझ' आणि 'आउसलेझ' हे शब्द येतात आणि मोठा गोंधळ उडवतात. ते तयार वाईनची गोडी सांगत नाहीत. तोडणीच्या वेळी द्राक्षात साखर किती भरली होती, म्हणजे फळ किती पिकलं होतं, ते सांगतात. त्यामुळे 'श्पेटलेझ ट्रोकन' असं लिहिलेली बाटली पूर्ण कोरडी असते आणि नुसती 'श्पेटलेझ' बहुधा गोड. नाशिक-सांगलीकडे ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे, त्यांना हे सांगावं लागत नाही. तोडणीआधी बागेत फिरून ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजायची पद्धत त्यांनी पाहिलेली असते. इथे तेच माप 'अक्सले' नावाच्या एककात घेतात.

गावाचं नाव बघून फसणं

'पीसपोर्टर मिशेल्सबर्ग' आणि 'पीसपोर्टर गोल्डट्रोप्फशेन'. दोन्ही बाटल्यांवर मोझेलकाठच्या एकाच गावाचं नाव, दोन्हींचं लेबल जुन्या वळणाच्या अक्षरांत. पण गोल्डट्रोप्फशेन हा नदीवरच्या उभ्या चढावरचा एक ठरावीक, नावाजलेला मळा आहे, आणि मिशेल्सबर्ग हे आजूबाजूच्या अनेक गावांमधली जमीन एकत्र धरून केलेलं मोठं क्षेत्र. मिशेल्सबर्गच्या बाटलीतली द्राक्षं पीसपोर्टमध्ये पिकलेली असतीलच असं नाही. नीअरस्टाइन गावाचंही तसंच. तिथले पेटनटाल आणि हिपिंग हे मळे अव्वल दर्जाचे, पण 'नीअरस्टाइनर गुटेस डोमटाल' हे नाव पुन्हा मोठ्या क्षेत्राचं. १९७१ च्या वाईन कायद्याने ही व्यवस्था पक्की केली आणि ग्राहकाला फरक कळावा अशी सोय ठेवली नाही. ही नावं पाठ करत बसायची गरज नाही. बाटली कुणी भरली ते वाचा.

मागच्या लेबलवर 'गुट्सआबफ्युलुंग' असेल, तर द्राक्ष पिकवण्यापासून बाटली भरण्यापर्यंत सगळं एकाच मळेवाल्याने केलेलं असतं. 'एर्त्सॉयगरआबफ्युलुंग' असेल, तर उत्पादकाने किंवा शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने. नुसतं 'आबफ्युलर' आणि पुढे एखाद्या कंपनीचं नाव असेल, तर इकडून तिकडून विकत घेतलेली वाईन कुणीतरी फक्त बाटलीत भरली आहे. त्यातही बरी निघू शकते, पण पैज लावायची तर मी पहिल्या दोन शब्दांवर लावेन. सहकारी संस्थेला कमी लेखू नका. बाडन आणि व्युर्टेम्बर्गमध्ये लहान शेतकऱ्यांची बरीचशी द्राक्षं त्यांच्याकडेच जातात, आणि सहा-सात युरोत इतकी नेटकी वाईन फार कमी जण देतात. सहकारी साखर कारखाना आणि दूध संघ पाहत वाढलेल्या माणसाला तिथे गेल्यावर परकं वाटत नाही.

सोनेरी पदकाच्या स्टिकरला फार महत्त्व देऊ नका. ठरावीक गुण मिळाले की पदक मिळतं, त्यामुळे एकाच कपाटात सुवर्णपदकवाल्या बऱ्याच बाटल्या दिसतात. जड बाटली आणि खोलगट बूड यांनाही काही अर्थ नाही. फिरकीचं झाकण पाहून नाक मुरडू नका. जर्मनीत उत्तम मळेवालेही आपल्या व्हाइट वाईनला तेच झाकण लावतात.

तिखट जेवणासोबत दणकट रेड

कोल्हापुरी रस्सा, मिसळ, मालवणी मटण अशा जेवणासोबत १४.५ टक्क्यांची तुरट रेड उघडली, तर तोंडाची आग आणखी भडकते. अल्कोहोल मिरचीचा दाह वाढवतं आणि तांबड्या वाईनमधला तुरटपणा तिखटासोबत कडू लागतो. भारतीय जेवणासाठी कमी अल्कोहोल, भरपूर आंबटपणा आणि थोडी गोडी हवी. मोझेलची साधी काबिनेट या तिन्ही गोष्टी पुरवते. जी बाटली लोक 'गोड आहे' म्हणून नाकारतात, तीच आपल्या जेवणाला सगळ्यात जास्त मानवते, हे मी पुन्हा पुन्हा सांगत आले आहे. एकदा तांबड्या रश्शासोबत गार काबिनेट घेऊन बघा. बटाटेवडा किंवा कोथिंबीरवडीसोबत कोरडी झिल्वानर छान लागते. तळलेल्या बांगड्यासोबत कोरडी रीझलिंग, लिंबाच्या जागी. रेडच हवी असेल तर श्पेटबुर्गुंडर किंवा व्युर्टेम्बर्गची ट्रोलिंगर, तीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून. हीटर चालू असलेल्या घरातलं २२ अंश तापमान रेडसाठी जास्तच होतं.

जे काटेकोर शाकाहारी आहेत त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वाईन नितळ करण्यासाठी अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसिन, जिलेटिन किंवा माशाच्या पोटातली फुग्यासारखी पिशवी वापरली जाऊ शकते. अंडं आणि दूध यांचा अंश उरला असेल तर तसं छापावं लागतं. जिलेटिन आणि माशाचं मात्र छापावं लागत नाही. ८ डिसेंबर २०२३ नंतर तयार झालेल्या वाईनवर घटकांची यादी किंवा तिच्यासाठी क्यूआर कोड असतो, पण गाळण्याचं साहित्य त्या यादीत येईलच असं नाही. त्यामुळे यादीवर विसंबू नका, 'वेगन' असं स्पष्ट लिहिलेली बाटली घ्या. अशा बाटल्या आता सगळीकडे मिळतात.

दुकानात संकोच

'चांगली वाईन द्या' म्हटलं की विक्रेत्यालाही काही सुचत नाही. तीन गोष्टी सांगा: किती पैशांपर्यंत, गोड की कोरडी, आणि जेवायला काय आहे. जर्मनीत बजेट उघडपणे सांगण्यात कुणालाच वावगं वाटत नाही. चव घेऊन मग विकत घेण्याची सोय असलेली दुकानं शहरोशहरी आहेत. 'जाक्स वाईन-डेपो'मध्ये अनेक बाटल्या चाखायला उघड्याच ठेवलेल्या असतात.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे थेट मळ्यावर जाणं. फ्रांकफुर्टहून एस-१ या लोकल गाडीने होखहाइम गाठता येतं, श्टुटगार्टच्या लोकांना फेलबाख आणि रेम्सचं खोरं अगदी जवळ आहे. म्युनिकहून व्युर्त्सबुर्ग रेल्वेने दोन तासांवर, तिथे १३१६ साली स्थापन झालेलं ब्युर्गरश्पिटाल आणि १५७६ चं युलिउसश्पिटाल ही दोन जुनी धर्मादाय रुग्णालयं आजही स्वतःच्या मळ्यांची वाईन विकतात. मळेवाल्याला वर्षातून चार महिनेपर्यंत, चाळीस आसनांच्या मर्यादेत, घरच्याघरी स्वतःची वाईन आणि साधं जेवण विकायची मुभा असते. श्टुटगार्टकडे अशा जागेबाहेर झाडू टांगलेला दिसला की आत शिरावं. पेल्याने चाखा, आवडली तर सहाचा खोका घ्या. गाडी मात्र घरी ठेवा.

बाटली खराब आहे की ठीक?

बुडाशी किंवा बुचाला काचेसारखे बारीक खडे दिसले, तर ते टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक आहेत. निरुपद्रवी. ओतताना शेवटचा घोट बाटलीत ठेवा, झालं. कोवळ्या व्हाइट वाईनमध्ये जिभेवर हलके बुडबुडे जाणवतात, तेही ठीक. मुरलेल्या रीझलिंगला रॉकेल-पेट्रोलसारखा वास येतो आणि पहिल्यांदा तो घेणारे हमखास घाबरतात. तो त्या जातीचा स्वभाव आहे. वाईन ओतून देऊ नका.

ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास येत असेल आणि फळाची चव मेलेली असेल, तर बूच बिघडलं आहे. बाटली पुन्हा बंद करून पावतीसह दुकानात न्या. चांगलं दुकान वाद न घालता बदलून देतं. व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा वास आला तरी तेच करा. स्वयंपाकघरात ओव्हनशेजारी वर्षभर ठेवलेली बाटली सपक लागली, तर ते परत करण्याचं कारण नव्हे. उघडलेली बाटली, रेड असली तरी, फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा.

दोन हंगामी गोष्टी

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये 'फेडरवाइसर' येते, अजून आंबत असलेला द्राक्षरस. तिचं झाकण मुद्दाम सैल असतं, कारण आत वायू तयार होत राहतो. पिशवीत आडवी टाकली तर घरी पोचेपर्यंत पिशवी भिजलेली असते, आणि झाकण घट्ट आवळलं तर बाटली फुटू शकते. ताडीसारखीच ती दर दिवशी बदलते, आज गोड तर चार दिवसांनी कडक. उभी ठेवा, लगेच प्या, सोबत कांद्याचा केक.

डिसेंबरमध्ये फेसाळत्या वाईनची खरेदी होते. हिच्यावर मात्र कर आहे, ७५० मिलीलिटरच्या बाटलीला १.०२ युरो. कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या काळात, १९०२ साली, आरमारासाठी बसवलेला हा कर अजून चालू आहे. म्हणजे तीन युरोच्या 'झेक्ट'मध्ये (जर्मन फेसाळत्या वाईनमध्ये) द्राक्षांना जवळपास काहीच मिळत नाही. त्यापेक्षा 'विन्त्सरझेक्ट' लिहिलेली दहा-बारा युरोची बाटली घ्या. ती मळेवाल्याच्या द्राक्षांची असते आणि शॅम्पेनसारखी बाटलीतच आंबवलेली असते. त्या पैशात खरी शॅम्पेन मिळाली तरी ती अगदी तळातलीच असेल.

भारतात नेताना माणशी दोन लिटरपर्यंत जकात लागत नाही. नेहमीच्या मापाच्या दोन बाटल्या बसतात, तिसरी घेतली की सव्वादोन लिटर होतात. चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवा. सासरी-माहेरी न्यायची असेल तर काबिनेटच न्या. ज्यांनी आधी कधी वाईन घेतलेली नाही, त्यांना पहिल्या घोटाला तीच आवडते.