नवीन मसाला घेताना किती घ्यायचा? या चुका टाळा

आमच्या भुसावळच्या घरात फडताळात चक्रफुलाचं एक पाकीट दोन वर्षं पडलेलं होतं, 100 ग्रॅमचं, आणि वापरली होती फक्त तीन फुलं. का घेतलं? तर 50 पेक्षा 100 ग्रॅमचं पाकीट स्वस्त पडत होतं. पहिली चूक हीच, किलोचा हिशोब करायचा आणि आपण महिन्यात कितीदा वापरणार ते बघायचंच नाही.

माझा हिशोब आता साधा आहे. एका वेळी किती लागतं आणि सहा महिन्यांत किती वेळा करणार, त्याचा गुणाकार. चक्रफूल पुलावात एकच टाकते, महिन्यातून दोनदा म्हटलं तरी बारा फुलं झाली, आणि एक फूल साधारण ग्रॅमभराचं, म्हणजे 15 ग्रॅम खूप झालं. पहिल्यांदाच आणताय तर तेवढंही नको, दहा रुपयांचं सुटं द्या म्हणायचं, दुकानदार तोंड वाकडं करेल पण देतो.

दुसरी गडबड वजनाची. दगडफूल 50 ग्रॅम म्हणजे पिशवी भरून येतं कारण ते कागदासारखं हलकं. रोजच्या भाजीला चिमूटभर पुरतं. हां, उन्हाळ्यात वर्षाचा काळा मसाला करणार असाल तर गोष्ट वेगळी, तेव्हा मिरचीच्या मापाने आणा आणि आणलं की लगेच भाजून कांडून टाका. जायफळाचं उलट, एकच घ्या, किसून किसून महिनोन्‌महिने पुरतं, आणि ते जास्त खाणं चांगलंही नाही. केशर बासुंदीला पंधरा-वीस काड्या बास, त्यामुळे एक ग्रॅमची डबीसुद्धा बरेच सण काढते.

पावडर शक्यतो घेऊच नका. अख्खा मसाला नीट ठेवला तर वर्ष-दीड वर्ष जातो, पावडरीचा वास सहा महिन्यांत उडतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो तेव्हा गॅसच्या वरच्या फळीवर ठेवलेली बरणी म्हणजे मसाला रोज थोडा थोडा भाजणंच की.

आता जास्त आणलंच असेल तर? चिमूट तळहातावर चोळून वास घ्या. वास मंद असेल तर जरा भाजून थोडा जास्त टाका, चालतं. पण खसखस, तीळ, खोबरं यात तेल असतं, खवट वास आला की सरळ फेका, भाजून तो जात नाही, उलट अख्खी शेवभाजी वाया जाते (केलंय मी हे, पाहुणे जेवायला असताना!). खसखस घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवायची, लागेल तेवढी काढून डबा लगेच आत, बाहेर राहिला तर आत पाणी सुटतं.

आणि नाव नीट विचारून घ्या. कोकणातल्या मैत्रिणीने माशाच्या आमटीला तिरफळ सांगितलं, ती काळी बी काढून नुसती सालं वापरतात, मी इथे दुकानात त्रिफळ म्हटलं आणि त्याने त्रिफळा चूर्ण बांधून दिलं, तेही 100 ग्रॅम. आमटी राहिली, सासरे रोज रात्री कोमट पाण्यातून घ्यायला लागले आणि महिन्याभरात पुडी रिकामी, आमच्या घरात वेळेत संपलेलं तेवढं एकच.