टर्की नाचतोय पण फोटो बिघडतोय? या चुका टाळा

मी मूळचा पुण्याचा, त्यामुळे पिसारावाल्या पक्ष्यांची माझी सगळी प्रॅक्टिस मोराची चिंचोलीत झालेली. न्यू जर्सीत आल्यावर पहिल्याच एप्रिलमध्ये शेताच्या कडेला टर्की, म्हणजे इथला रानटी, कोंबड्यासारखा मोठा पक्षी, पिसारा फुलवून उभा दिसला आणि मी मोरासमोर जे करायचो तेच केलं, पिसाऱ्यावर फोकस, पिसाऱ्यावर एक्सपोजर आणि धडाधड बर्स्ट. घरी येऊन लॅपटॉपवर बघतो तर पिसारा एकदम कडक, आणि त्याच्यासमोर मानेच्या जागी एक पांढरा डाग. डोळा नाही, रंग नाही, जणू कोणी खडूने पुसून काढलंय.

तर सगळ्यात मोठी चूक हीच, टर्कीला मोर समजणं. मोराचा तो लांबलचक पिसारा म्हणजे शेपटीच्या वरची वाढलेली पिसं, खरी शेपटी बिचारी मागून टेकू देत असते. टर्कीचं तसं नाही, त्याची खरीच शेपटी असते, साधारण १८ पिसांची, पत्ते पसरावेत तशी उघडते आणि मिटते, त्यात बघण्यासारखं एवढंच. खरी गंमत डोक्यात आहे राव. टक्कल असतं, कपाळ पांढरं, गाल निळे, गळ्याखाली लालभडक गाठी, आणि रक्त कमीजास्त होईल तसे हे रंग डोळ्यादेखत बदलतात. चोचीच्या वर एक मांसाचा तुकडा असतो, इथे त्याला स्नूड म्हणतात, एरवी करंगळीच्या टोकाएवढा आखडलेला, आणि रंगात आला की चोचीवरून खाली लोंबायला लागतो. फोटो जमला की नाही ते या अर्ध्या वीतभर जागेवर ठरतं.

डोकं पांढरं फटक येतंय? अंग काळपट असतं म्हणून कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर फसतो, त्याला वाटतं अंधार आहे, तो सगळं उजळवतो आणि कपाळ जळतं. पक्षी फ्रेममध्ये मोठा असेल तर मी एक्सपोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप मायनसमध्ये नेतो, म्हणजे फोटो मुद्दाम जरा काळा काढतो, तोही रॉमध्ये, म्हणजे नंतर सुधारता येईल अशा कच्च्या फाइलमध्ये, आणि स्क्रीनवर फोटो छान दिसतोय का ते न बघता कपाळावर हायलाइटचा इशारा, म्हणजे जळलेला भाग दाखवणारा, लुकलुकतोय का तेवढंच बघतो. अंग काळं आलं तर घरी शॅडो उचलता येतात, जळलेलं कपाळ काही केल्या परत येत नाही.

आता उलटी तक्रार, समोर तांब्यासारखा चमकत होता आणि फोटोत काळी कोंबडी आली. ती तांबूस हिरवी चमक पिसांच्या रचनेमुळे असते, उजेड कुठल्या कोनातून पडतोय त्यावर ती दिसते किंवा गायब होते. कोवळं ऊन तुमच्या पाठीशी पाहिजे. आणि तो पठ्ठ्या हळूहळू जागेवर गोल फिरतो, त्यामुळे अमुक क्षणी चमक नसेल तर नुसतं थांबा, दहा सेकंदांत येते. सॅच्युरेशन वाढवून चमक आणायला जाऊ नका, गळा प्लास्टिकच्या टोमॅटोसारखा दिसतो, मी करून बसलोय.

फोकसचं दुखणं जरा वेगळंय. फुललेला टर्की मान मागे खेचून घेतो आणि छाती पुढे काढतो, म्हणजे समोरून काढलात तर छातीची पिसं डोक्याच्या पुढे येतात आणि कॅमेरा आनंदाने तीच पकडतो. आय डिटेक्शन, म्हणजे कॅमेऱ्याची आपोआप डोळा शोधायची सोय, पण त्या गाठींच्या भानगडीत गडबडतं, निदान माझं तरी. मी फोकसचा छोटा सिंगल पॉइंट डोळ्यावर ठेवतो, अॅपर्चर एफ ८ च्या आसपास ठेवतो, आणि शक्यतो जरा बाजूने काढतो. शेपटी थोडी सॉफ्ट आली तर कोणाचं काही जात नाही.

शटरबद्दल जास्त बोलण्यासारखं नाही. मिरवतो तेव्हा तो नवरदेवासारखा संथ चालतो, १/५०० सेकंद पुरतं. पण तो जो आवाज देतो ना, घळघळघळ, तेव्हा मान एकदम पुढे फेकतो आणि तिथे १/१००० किंवा वरच पाहिजे. तो आवाज कधी देईल याचा थोडा अंदाज येतो, कावळा ओरडला, घुबड बोललं, कुठे गाडीचं दार आपटलं की बरेचदा हा लगेच उत्तर देतो. त्यामुळे कावळा ऐकला की बोट शटरवर.

आणि फ्रेम फार घट्ट कापू नका हो. पिसारा मावला म्हणून सगळे खुश, पण पंखांची टोकं जमिनीला घासत असतात ती कापली जातात. मऊ मातीवर त्या टोकांच्या बारीक रेघा उमटतात, खराट्याने अंगण झाडल्यासारख्या, मला तर कधीकधी त्या रेघाच पक्ष्यापेक्षा आवडतात. पायाखाली जागा सोडा.

पिसारा वेडावाकडा दिसतोय, मधली पिसं लांब आणि बाजूची आखूड? तुमची चूक नाही, लेन्सची पण नाही. तो वर्षाचा पोरगा आहे, इथे जेक म्हणतात, पूर्ण वाढलेल्या नराचा पिसारा एकसारखा गोल असतो.

गाडीतून काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जिने माझे दोन वीकेंड खाल्ले. गाडी ही उत्तम लपणजागा आहे, पण एप्रिलच्या थंडीत हीटर लावून काच खाली केली की आतली गरम हवा बाहेरच्या गार हवेत मिसळते आणि लेन्ससमोर सगळं थरथरतं. फोटो असे येतात की फोकस चुकलाय असं वाटावं, मी तर लेन्स दुरुस्तीला टाकायला निघालो होतो. हीटर बंद, सगळ्या काचा खाली, दहा मिनिटं कुडकुडा, मग काढा.

वेळ चुकवू नका हे सांगायला नको. रात्री ते झाडावर झोपतात आणि उजाडताना खाली उतरतात, इकडे एप्रिलच्या मध्याला सूर्योदय ६:२० च्या सुमारास, म्हणजे त्याआधी जागेवर. झाडाखाली टॉर्च मारत जाऊ नका, उतरायची जागाच बदलतात. मागून गुपचूप जाऊ हा विचार पण सोडा, डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. फुललेला नर अचानक बारीक झाला, मान ताठ, स्नूड आखडला आणि ‘पट् पट्’ असा तुटक आवाज आला, तर समजा तुम्ही फार जवळ गेलात. तिथेच थांबायचं, शक्य असेल तर मागे यायचं.

मका टाकून बोलावणं ही तर शुद्ध आगाऊगिरी. आपल्या न्यू जर्सीतून हा पक्षी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत संपला होता, १९७७ मध्ये २२ पक्षी आणून सोडले तेव्हा कुठे परत आला. आता वस्तीत हिंडतो, आणि खायला मिळालं की धीट होतो, गाडीच्या दारात स्वतःचंच प्रतिबिंब बघून त्याला टोचे मारतो, पोरांच्या मागे लागतो, मग तक्रारी होतात आणि भोगतो तोच.

एक चूक मात्र फोटो बिघडवण्यापुरती नाही. एप्रिल-मे म्हणजे इथे टर्कीच्या शिकारीचा सीझन, तारखा राज्याच्या वन्यजीव खात्याच्या साइटवर असतात, त्या बघूनच जागा ठरवा. शिकारी पण झाडीत तेच शोधत असतो, लाल पांढरं निळं डोकं. त्यामुळे लाल टोपी नाही, निळा मफलर नाही, बॅगेतून लोंबणारा पांढरा नॅपकिन पण नाही. शिकारीच्या जंगलात टर्कीचा आवाज काढायचा नाही, आणि आवाज ऐकू आला तर त्या दिशेने लपतछपत जायचं नाही, तिकडे टर्कीसारखा आवाज काढणारा शिकारी बसलेला असू शकतो. माणूस दिसलाच तर हात हलवू नका, जागेवर थांबून मोठ्याने बोला. मी भडक नारिंगी जॅकेट घालतो आणि तसलंच एक कापड मागच्या झाडाला बांधतो. टर्कीला रंग चांगले दिसतात, पण मी हललो नाही तर आजवर तरी त्याने त्या नारिंगीकडे ढुंकून पाहिलं नाहीये.