अमेरिकेतल्या श्रीमंत काउंटीचे आकडे वाचायचे कसे (घाबरून न जाता)

वॉशिंग्टन डीसीच्या बाजूला नोकरी लागली की कोणीतरी सांगतंच, अरे व्हर्जिनियातली लाउडन काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) बघ, अमेरिकेतली सगळ्यात श्रीमंत काउंटी आहे, शिकलेली माणसं, चांगल्या शाळा वगैरे, मग आपण रात्री अकरा वाजता सेन्ससच्या, म्हणजे अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या, साइटवर जातो आणि तो आकडा बघून झोप उडते. १,७०,४६३ डॉलर, २०१८ ते २०२२ या पाच वर्षांचा. अख्ख्या अमेरिकेचा त्याच काळातला ७५,१४९. आणि आपली ऑफर बघावी तर लाउडनच्या आकड्याच्या बरीच खाली. तर आधी शांत व्हा, तो पगाराचा आकडा नाहीये.

तो आहे मीडियन हाउसहोल्ड इन्कम. म्हणजे एका घरात राहणारे १५ वर्षांवरचे जेवढे लोक आहेत त्या सगळ्यांचा पगार, व्याज, भाडं, पेन्शन सगळं एकत्र करायचं, मग सगळी घरं कमाईप्रमाणे ओळीत उभी करायची आणि बरोब्बर मधलं घर उचलायचं. त्यामुळे दोघं कमावणारे असतील तर दोघांची बेरीज तिथे बसते. तुमच्या एकट्याच्या पगाराशी त्याची तुलना करणं म्हणजे दोघांच्या ताटातलं मोजून एकाला उपाशी ठरवणं.

हे नीट डोक्यात बसवायचं असेल तर लाउडनच्या शेजारी आर्लिंग्टन काउंटी ठेवून बघा, मला तरी तेव्हाच कळलं. आर्लिंग्टन म्हणजे पेंटॅगॉन जिथे आहे ती, फक्त २६ स्क्वेअर माइल, २०२० च्या जनगणनेत २,३८,६४३ माणसं. तिथे २५ वर्षांवरच्या दर चार माणसांत साधारण तिघांकडे निदान बॅचलर्स डिग्री आहे, लाउडनपेक्षाही जास्त (लाउडन ६० टक्क्यांच्या वर, देशाचा आकडा ३४ च्या आसपास). मग उत्पन्न जास्त हवं ना? तर नाही, हाउसहोल्ड इन्कम १,३७,००० च्या आसपास, लाउडनपेक्षा बरंच कमी. कारण साधं आहे, आर्लिंग्टनमध्ये मेट्रो स्टेशनच्या आजूबाजूला अपार्टमेंटमध्ये एकटी राहणारी तरुण मंडळी खूप, निम्म्याहून जास्त घरं भाड्याची, एका घरात सरासरी दोनच्या थोडी वर माणसं. लाउडनमध्ये तीनच्या आसपास, म्हणजे नवरा-बायको दोघं नोकरीला, एक-दोन पोरं, कधी आजी-आजोबा. आता माणशी उत्पन्न काढा, पर कॅपिटा नावाची ओळ त्याच पानावर असते, तिथे आर्लिंग्टन पुढे जातं! त्यामुळे पहिला नियम असा धरा की हाउसहोल्ड इन्कम, पर कॅपिटा आणि घरातली सरासरी माणसं या तीन ओळी नेहमी एकत्र वाचायच्या, सुटी ओळ वाचली की फसलात.

आता हे मिळतं कुठे. घाईत असाल तर सेन्ससचं क्विकफॅक्ट्स, काउंटीचं नाव टाका, शेजारी दुसरी काउंटी आणि युनायटेड स्टेट्स टाका, झालं. खोलात जायचं तर डेटा डॉट सेन्सस डॉट गव्ह, तिथे डीपी म्हणजे डेटा प्रोफाइल नावाचे तक्ते असतात, डीपी ०२ मध्ये शिक्षण आणि भाषा, डीपी ०३ मध्ये पैसा आणि नोकऱ्या, डीपी ०४ मध्ये घरं, डीपी ०५ मध्ये वय आणि वंश. ही माहिती दहा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेची नाही बरं का, अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे नावाचा वेगळा सर्व्हे आहे, दरवर्षी साधारण ३५ लाख पत्त्यांवर जातो. म्हणजे हे अंदाज आहेत, म्हणूनच प्रत्येक आकड्याच्या बाजूला प्लस-मायनस (म्हणजे अंदाज किती वर-खाली असू शकतो ते) लिहिलेलं असतं आणि आपण सगळे ते बघायचं सोडून देतो.

तिथेच गंमत आहे. ६५,००० च्या वर वस्ती असेल तरच नेहमीचा एका वर्षाचा आकडा निघतो, त्याच्या खाली पाच वर्षांचा एकत्र केलेला. लाउडनमध्ये ४,२०,९५९ माणसं आहेत (२०२०), तिचे दोन्ही मिळतात. न्यू मेक्सिकोतली लॉस अलामॉस काउंटी, जिथे अणुबॉम्बवाली राष्ट्रीय लॅब आहे, ती १९,४१९ माणसांची, तिचा फक्त पाच वर्षांचा. डीसीजवळचं फॉल्स चर्च १४,६५८ माणसांचं शहर आहे पण व्हर्जिनियात अशी स्वतंत्र शहरं काउंटीच्या बरोबरीची धरतात, त्यामुळे तेही 'श्रीमंत काउंटी'च्या यादीत येऊन बसतं. आवळ्याभोपळ्याची मोट नुसती. म्हणून कुठे पहिला नंबर, दुसरा नंबर अशी यादी दिसली तर आधी बघा एका वर्षाची आहे की पाच, कारण नंबर त्यावरच बदलतो. आणि २०२० चा नेहमीसारखा एका वर्षाचा आकडा शोधत बसू नका, कोविडमुळे तो काढलाच नाही. कनेक्टिकटच्या फेअरफील्ड काउंटीचं बघत असाल तर अजून एक भानगड, २०२२ पासून सेन्ससने त्या राज्यात काउंट्यांऐवजी प्लॅनिंग रीजन नावाचे वेगळे विभाग घेतलेत, जुने-नवे आकडे थेट जुळत नाहीत.

घराची किंमत बघताना लक्षात ठेवा की ती मालकालाच विचारलेली असते, आज विकलं तर किती येतील असं. बाजारभाव समजू नका.

गरिबीची टक्केवारी तर फारच फसवी. सेन्ससची दारिद्र्यरेषा देशभर एकच, महागडी काउंटी असो की मिसिसिपीतलं खेडं. त्यामुळे श्रीमंत काउंटीत हा आकडा अगदी कमी दिसतो आणि वाटतं इथे कोणाला अडचणच नाही. त्यापेक्षा डीपी ०४ मध्ये खाली जा, उत्पन्नाच्या ३० किंवा ३५ टक्क्यांहून जास्त भाडं भरणारी घरं किती ते बघा, तिथे खरी ओढाताण दिसते, दुकानात काम करणारे आणि आपली पोरं सांभाळणारे लोक बहुतेक त्याच ओळीत असतात.

अजून एक, काउंटी म्हणजे एकसारखं गाव नव्हे. लाउडनच्या पश्चिमेला मिडलबर्गकडे घोड्यांचे फार्म आणि वायनरी, पूर्वेला ॲशबर्नमध्ये टाउनहाउस आणि डेटा सेंटरांच्या राक्षसी इमारती. त्या डेटा सेंटरमधल्या कॉम्प्युटरांवर काउंटी जो टॅक्स घेते त्याने तिजोरी भरते पण हे तुम्हाला प्रोफाइलमध्ये कुठेच दिसणार नाही, त्यासाठी काउंटीचं बजेट उघडावं लागतं. म्हणून घर बघायचं नक्की झालं की सेन्सस ट्रॅक्टवर उतरा, ट्रॅक्ट म्हणजे साधारण काही हजार लोकांचा तुकडा. फक्त तिथे प्लस-मायनस इतका मोठा होतो की ठोस काही म्हणायची सोय राहत नाही, नुसता अंदाज घ्या.

शाळांचं म्हणाल तर मोठ्यांच्या डिग्र्यांवरून पोरांची शाळा ठरवू नका. लाउडनमध्ये अख्ख्या काउंटीची एकच शाळा व्यवस्था आहे, पण कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत ३० च्या आसपास वेगवेगळे स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे वेगवेगळ्या शाळा व्यवस्था, आहेत, तिथे काउंटीचा आकडा शाळेसाठी काही कामाचा नाही.

प्रवासाच्या वेळेची सरासरी काढताना घरून काम करणारे धरत नाहीत, एवढं माहीत असू द्या, बाकी ती ओळ बरी आहे. आणि आपली मराठी माणसं किती ते शोधायला गेलात तर भाषेच्या लहान तक्त्यात मराठी 'इतर इंडो-युरोपियन' मध्ये बुडालेली, आणि मोठ्या तक्त्यात नेपाळीसोबत एकाच ओळीत, त्यामुळे तो आकडा सोडा आणि सरळ तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला जाऊन डोकी मोजा.