मिंट उतरवताना मी काय तपासतो

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून द्या म्हणून सोसायटीतली मंडळी माझ्याकडे येतात. पेनड्राइव्हमध्ये आयएसओ (मिंटची इन्स्टॉल करायची फाइल) आधीच असेल, तरी मी ती वापरत नाही.

गुगलवर वरती दिसणाऱ्या जाहिरातींवर क्लिक करू नका. मिंटच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करा. आयएसओ पेनड्राइव्हवर चढवणाऱ्या रूफस या प्रोग्रॅमचंही तेच. त्याच्या खऱ्या साइटचा पत्ता 'डॉट आयई'वर संपतो, 'डॉट कॉम'वर नाही.

फाइल उतरली की विंडोजच्या पॉवरशेलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) गेट-फाइलहॅश ही आज्ञा चालवा. ६४ अक्षरांची लांबलचक ओळ येते, ती साइटवरच्या एसएचए२५६ बेरजेशी, म्हणजे मूळ फाइलवरून काढलेल्या आकड्याशी, जुळवा. नुसती पहिली-शेवटची चार अक्षरं बघून मान डोलवू नका. कॉपी करून 'फाइंड'मध्ये टाका, अख्खी जुळली पाहिजे.

पण साइटच फोडली असेल तर? फेब्रुवारी २०१६मध्ये मिंटचंच तसं झालं: १७.३ सिनॅमन या आवृत्तीच्या लिंक, चोराला आत शिरायला मागचं दार (बॅकडोअर) ठेवलेल्या आयएसओकडे वळवल्या होत्या. चोर फाइल बदलतो, तसा शेजारचा आकडाही बदलू शकतो. म्हणून बेरजांच्या फाइलवरची जीपीजी सही, म्हणजे ती फाइल मिंटवाल्यांचीच असल्याची डिजिटल खूण, तपासा. कंटाळवाणं आहे खरं, पण बँकेचा पासवर्ड याच मशीनवर टाकणार ना? सही तपासायची डिजिटल किल्ली मात्र वेगळ्या ठिकाणी दिलेल्या तिच्या ठशाशी (फिंगरप्रिंटशी) ताडून घ्या.

'अ‍ॅक्टिव्हेटेड' (म्हणजे पायरेटेड) विंडोजची टोरंट घेऊन कुणी आलं, तर मी चहा पाजून परत पाठवतो.