फुकट रिवॉर्ड देऊन त्रासदायक वागणं कमी करताय? या चुका टाळा

मूल किंचाळलं की सगळे धावत येतात, म्हणून ते पुन्हा किंचाळतं. मग तेच लक्ष त्याने काहीच न करता, घड्याळ लावून ठरलेल्या वेळाने दिलं तर? पोट भरलेलं असल्यावर जेवण कोण मागतं! एबीएमध्ये (अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस, म्हणजे वागणं बदलायला मदत करणारी थेरपी) याला नॉनकंटिंजंट रीइन्फोर्समेंट म्हणतात, वोल्मर आणि आयवाटा या संशोधकांच्या टीमने १९९३ मध्ये स्वतःला इजा करून घेणाऱ्या तिघींवर हे वापरून दाखवलं. पद्धत खरंच छान आहे, पण बऱ्याच घरांत ती उगाच फसते.

सगळ्यात मोठी चूक, कारण न शोधताच सुरुवात करणं. अभ्यास टाळायला किंचाळणाऱ्या मुलाला लक्ष देऊन काय उपयोग, त्याला ठरावीक वेळाने ब्रेक द्यायला हवा.

दुसरं, वेळ अंदाजाने ठरवू नका. आधी मोजा. अर्ध्या तासात १० वेळा किंचाळत असेल तर सरासरी दर ३ मिनिटांनी एकदा, मग सुरुवातीला दर अडीच मिनिटांनी लक्ष द्या. पाच-पाच मिनिटांनी दिलं तर मूल मधल्या वेळात किंचाळणारच ना. हॅगोपियन वगैरेंनी १९९४ मध्ये एकसारख्या दिसणाऱ्या चौघी जुळ्या बहिणींवर हेच पाहिलं, आधी भरपूर लक्ष दिल्यावर फरक लगेच आणि जास्त पडला, आणि नंतर हळूहळू अंतर वाढवता आलं. हळूहळू हं, दोन दिवस शांत गेले म्हणून एकदम दुप्पट करू नका.

टायमर वाजला आणि नेमकं त्याच क्षणी मूल किंचाळतंय? थांबा, शांत झाल्यावर पाच-दहा सेकंदांनी द्या, नाहीतर योगायोगाने किंचाळण्यालाच बक्षीस मिळतं.

आणि ज्याकडे कुणी बघतच नाही ते म्हणजे फुकट मिळालं की चांगलं वागणंही कमी होतं. समजा तुम्ही मुलाला "बॉल दे" म्हणायला शिकवताय आणि बॉल सकाळपासून त्याच्या हातातच आहे, तर ते मागेल कशाला? मला हे बघून फार वाईट वाटतं, कारण आईबाबा प्रेमानेच देत असतात आणि मग म्हणतात थेरपी चालत नाही. शिकवायला वापरायची वस्तू सेशनच्या आधी बाजूला ठेवा, फुकट द्यायला दुसरं काहीतरी निवडा, आणि मुलाने स्वतःहून नीट मागितलं तर टायमरची वाट न बघता लगेच द्या.