मासळी आणि मक्याचे चाउडर : गॅस पेटवण्याआधीची तयारी

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, मेनपासून कनेटिकटपर्यंत पसरलेल्या न्यू इंग्लंडमध्ये मासळी, बटाटे आणि दूध यांचे चाउडर नावाचे दाटसर सूप घरोघरी होते, आणि उन्हाळा उतरणीला लागून गोड मक्याची कणसे बाजारात आली की त्यात मकाही पडतो. पदार्थ अवघड नाही; पण त्यातला प्रत्येक जिन्नस शिजायला वेगळा वेळ घेतो. बटाट्याला दहा-बारा मिनिटे लागतात, मक्याला पाच, कोळंबीला जेमतेम दोन-तीन, आणि दूध तर उकळताच कामा नये. म्हणून पातेले एकदा चढले की सोलायला, चिरायला किंवा डबे धुंडाळायला सवड मिळत नाही. सगळे काम त्याआधी उरकलेले असावे लागते. पुढील प्रमाण सहा जणांच्या पोटभर जेवणासाठी आहे.

बाजारात जाण्यापूर्वी पाहुण्यांना दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिली म्हणजे कोळंबी, खेकडा किंवा शिंपल्यांची कोणाला ॲलर्जी आहे का. असल्यास फक्त मासा आणि मका यांवर भागवावे, कारण कोळंबीच्या टरफलांचे पाणी रश्शात उतरल्यावर तुकडे बाजूला काढून वाढण्याला काही अर्थ राहत नाही. दुसरी म्हणजे मासे आणि दूध एकत्र खाण्यास कोणाची हरकत आहे का. आयुर्वेदाने हा विरुद्ध आहार मानला आहे आणि आपल्याकडे अनेक घरांत तो कटाक्षाने टाळतात. त्याने अंगावर कोड उठते या समजुतीला आधुनिक वैद्यकाचा आधार नाही, परंतु जेवायला बोलावलेल्या माणसाशी वाद घालण्याचा हा विषय नव्हे. अशा वेळी नारळाच्या दुधाकडे वळण्याचे कारण नाही. ते छान लागेल, पण ते कालवण होईल. ऱ्होड आयलंडमध्ये दुधाविना, केवळ शिंपल्यांच्या पाण्यावरचे निवळ चाउडर पूर्वापार करतात, तेच करावे. बॉस्टनच्या एका वृत्तपत्रात १७५१ साली छापलेली, पद्यात लिहिलेली चाउडरची जुनी कृती आजही वाचायला मिळते. तिच्यात कांदा, डुकराचे मांस, मासा आणि भिजवलेली बिस्किटे यांचे थर आहेत, पण दूध नाही आणि बटाटाही नाही. त्यामुळे दूध वगळले म्हणून पदार्थ बाटला असे समजू नये.

मासळीची निवड हा यादीतला सर्वांत मोठा भाग आहे आणि त्यासाठी घाई करू नये. न्यू इंग्लंडमध्ये हॅडॉक किंवा कॉड वापरतात. दोन्ही पांढऱ्या मांसाचे, कमी तेलाचे आणि शिजल्यावर मोठ्या पाकळ्यांनी सुटणारे मासे आहेत. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी किंवा पणजीच्या बाजारात हेच गुण घोळ, रावस आणि जिताड्यात मिळतात. बांगडा आणि तारली यांचे तेल दुधावर तरंगते व वासही उग्र येतो, म्हणून ते घेऊ नयेत. बोंबील तर पातेल्यात विरघळूनच जाईल. काटे काढलेले चारशे ग्रॅम मांस हाती यायला हवे. मासा कोळणीकडून तुकडे करून घेताना डोके आणि मधला काटा मागून घ्यावा आणि डोक्यातले कल्ले तिथेच काढून टाकायला सांगावे, कारण कल्ल्यांमुळे पाणी कडू होते. मध्यम आकाराची कोळंबी सालीसकट अर्धा किलो घ्यावी. डोकी आणि साले गेल्यावर ती जवळजवळ निम्मी उरते. शिवाय तोंड घट्ट मिटलेल्या तिसऱ्या, म्हणजे लहान शिंपले, अर्धा किलो घ्याव्यात. अमेरिकेत राहणाऱ्यांना लिटलनेक नावाचे शिंपले सहज मिळतील, आणि स्कॅलप (शिंपल्यांचाच एक प्रकार) घ्यायचे असल्यास दुकानदाराकडे ‘ड्राय’ प्रकारचे मागावेत; रसायनाच्या पाण्यात ठेवलेले स्कॅलप पातेल्यात ते पाणी सोडतात आणि चाउडर पांचट करतात.

महाराष्ट्रात या बेताला ऋतूची एक अडचण आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, आणि कणसे तर पावसासोबतच गाड्यांवर येऊ लागतात. नारळी पौर्णिमेनंतर ताजी मासळी आणि ताजा मका यांची गाठ पडते खरी, पण श्रावण पाळणाऱ्यांनी गणपती होऊन जाईपर्यंत थांबावे हे उत्तम. बंदीच्या दिवसांत गोठवलेली कोळंबी चालेल. ती आदल्या रात्री फ्रीजमध्ये, जाळीच्या भांड्यात ठेवून सावकाश सुटू द्यावी, कोमट पाण्यात बुडवू नये.

मक्याची चार कणसे लागतील आणि ती शक्यतो दाणे उतरवायच्या दिवशीच आणावीत, कारण तोडल्या क्षणापासून दाण्यातल्या साखरेचे पिठूळ स्टार्च होऊ लागते. ज्याला आपण अमेरिकन मका म्हणतो तोच घ्यावा. देशी मका भाजून तिखट-मीठ-लिंबू लावून खाण्यास अधिक चांगला असला, तरी चाउडरमध्ये तो पाच मिनिटांत शिजत नाही. कणसाचे केस ओल्या फडक्याने पुसून काढावेत, कणीस परातीत उभे धरावे आणि धारदार सुरीने वरून खाली दाणे उतरवावेत. सुरी दांड्यात खोल घालू नये. दाणे उतरल्यावर सुरी उलटी करून तिच्या बोथट पाठीने तोच दांडा दाबून खरवडावा. तेव्हा दाण्यांच्या तळाशी राहिलेला दाट, पांढरट रस परातीत उतरतो. चार कणसांतून तो चार-पाच चमचेच निघतो, पण चाउडरची खरी गोडी त्यात असते आणि डबाबंद मक्यात ती कधीच येत नाही. हा रस दाण्यांपासून वेगळ्या वाटीत ठेवावा. रिकामे दांडे अर्धे मोडून बाजूला ठेवावेत, फेकू नयेत.

आता रश्शाचे पाणी. हे काम आदल्या संध्याकाळी करून ठेवता येते आणि करून ठेवावेच, कारण दुसऱ्या दिवशीचा निम्मा भार त्याने हलका होतो. कोळंबी सोलून तिच्या पाठीतला काळा दोरा काढावा आणि ती झाकून फ्रीजमध्ये ठेवावी. साले व डोकी चमचाभर लोण्यावर केशरी होईपर्यंत परतावीत, त्यात माशाचे डोके व काटा, कणसांचे दांडे, अर्धा कांदा आणि पाच-सहा मिरे घालावेत आणि सव्वा लिटर गार पाणी ओतावे. वर येणारा फेस पळीने काढत राहावे. पाणी खळखळा उकळू न देता बारीक आचेवर पंचवीस मिनिटे, फार तर अर्धा तास ठेवावे. मटणाच्या पायासारखे तासन्‌तास आटवल्यास माशाचा काटा कडवट आणि खडूसारखी चव सोडतो. मग ते दाबून न पिळता पातळ सुती फडक्यातून गाळून, निवल्यावर फ्रीजमध्ये ठेवावे. मीठ या टप्प्यावर अजिबात घालू नये.

तिसऱ्या मात्र चाउडर शिजवण्याच्या दिवशीच हाताळाव्यात. एक लिटर पाण्यात तीस ग्रॅम मीठ विरघळवून त्यात त्या तासभर ठेवल्या की पोटातली वाळू बऱ्याच अंशी बाहेर टाकतात. उघड्या तोंडाची तिसरी बोटाने ठोकल्यावर मिटली नाही तर ती मेलेली आहे, टाकून द्यावी. विळीवर उघडून एकशिपी करण्याची, म्हणजे गोळा एकाच शिंपीत ठेवण्याची, आपली रीत येथे कामाची नाही; झाकणाच्या भांड्यात अर्धी वाटी पाण्यासह तीन-चार मिनिटे वाफवून त्या उघडाव्यात, गोळे काढून घ्यावेत आणि जी वाफवूनही उघडणार नाही ती खुशाल केरात टाकावी. तळाला राहिलेले पाणी फडक्यातून गाळून रश्शात मिसळावे. त्यात समुद्राचा पुरेपूर खारटपणा असतो, आणि पातेल्यात वरून मीठ कधी व किती घालायचे हे त्यावरच ठरते. सर्वसाधारणपणे ते अगदी शेवटी, चव पाहूनच घालावे.

माशाचे तुकडे चार-पाच सेंटिमीटरचे, म्हणजे सवयीपेक्षा मोठेच ठेवावेत. शिजवण्याआधी पंधरा मिनिटे त्यांना केवळ चिमूटभर मीठ लावावे, म्हणजे मांस थोडे घट्ट होते. कोकणी हात इथे आपसूक हळदीच्या डब्याकडे आणि आगळाच्या (कोकमाच्या रसाच्या) बाटलीकडे जाईल, त्याला आवरावे. आगळ, चिंच किंवा लिंबू यांतला आंबटपणा थोडासा जरी तुकड्यांबरोबर पातेल्यात गेला तरी दूध फाटते, आणि फाटलेले चाउडर पुन्हा एकजीव करण्याचा उपाय नाही.

दुधाचीही तयारी असते. पाव लिटरच्या दोन पिशव्या पुरतात. भारतात फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो, अमेरिकेतल्या होल मिल्कमध्ये ३.२५ टक्के, त्यामुळे इथल्या स्वयंपाकघरात क्रीम थोडे कमी लागते. दीडशे मिलिलिटर फ्रेश क्रीम आणावे. दूध त्याच दिवशीचे असावे आणि आधी एकदा तापवून पाहावे. जुने दूध फाटायचे असेल तर ते स्वतःच्या भांड्यात फाटलेले बरे. वर आलेली साय काढून न ठेवता दुधातच घुसळून टाकावी. स्वयंपाकाच्या वेळी दूध व क्रीम एकत्र करून कोमट ठेवावे. मेनमध्ये आणि त्यापलीकडे कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात अनेक घरी साखर न घातलेले आटवलेले डबाबंद दूध वापरतात. ते सहज फाटत नाही, म्हणून प्रथमच करणाऱ्याने तो मार्ग धरल्यास हरकत नाही.

बटाटे अर्धा किलो घ्यावेत आणि दीड सेंटिमीटरच्या फोडी अगदी आयत्या वेळी कराव्यात. काळे पडू नयेत म्हणून ते पाण्यात घालून ठेवण्याची सवय इथे नुकसान करते, कारण चाउडरला दाटपणा देणारे स्टार्च त्या पाण्याबरोबर मोरीत जाते. मैदा मी यादीत धरलेला नाही. उपाहारगृहांतल्या चाउडरमध्ये तो भरपूर असतो. घरी शिजलेल्या बटाट्याच्या आणि मक्याच्या दोन पळ्या पातेल्याच्या कडेला घोटल्या, त्यात खरवडलेला रस मिसळला, की हवा तितका दाटपणा येतो आणि माशाची चव पिठाखाली दबत नाही. कांदे दोन, बारीक चिरून. सेलरीचे दोन दांडे. भारतात मिळणारी बारीक दांड्याची सेलरी तिखट वासाची असल्याने एकच पुरे. बेकन चालत असल्यास शंभर ग्रॅम, नसल्यास चाळीस ग्रॅम लोणी. तिकडच्या कृतींत बे लीफ असते; आपले तमालपत्र वेगळ्या झाडाचे असून त्याला दालचिनीचा वास असतो, तेव्हा ते टाळलेलेच बरे. थाइम मिळाल्यास दोन काड्या घ्याव्यात, नाही मिळाल्यास सोडून द्यावे. त्याच्या जागी ओवा घालण्याचा मोह वासाच्या साधर्म्यामुळे होतो, परंतु ओवा सगळ्यांवर कुरघोडी करतो. पार्सली, ताजी मिरपूड, झाले.

भांडे पाच लिटरचे, जाड बुडाचे असावे, नाहीतर दूध खाली लागेल. प्रेशर कुकर चालणार नाही. सोबत लागणारे पाव किंवा बिस्किटेही आधीच आणून ठेवावीत: न्यू इंग्लंडमध्ये ऑयस्टर क्रॅकर नावाची छोटी, गोल, खुसखुशीत बिस्किटे वर टाकतात, आपल्याकडे इराण्याचा ब्रुन पाव किंवा गोव्याचा उंडो त्यांच्याइतकाच, किंबहुना अधिक चांगला.

सगळे जमल्यावर वाडगे ज्या क्रमाने पातेल्यात जायचे त्याच क्रमाने, डावीकडून उजवीकडे मांडावेत: बेकन किंवा लोणी, कांदा व सेलरी, बटाटा व एक लिटर रस्सा, मक्याचे दाणे, खरवडलेला रस, कोमट दूध, मासा, कोळंबी आणि शेवटी तिसऱ्यांचे गोळे. कांदा तांबूस होऊ न देता मऊ करावा, बटाटे रश्शात शिजवावेत, मका घालून पाच मिनिटांनी दोन पळ्या घोटून रस मिसळावा, मग आच मंद करून दूध सोडावे. कडेला बारीक बुडबुडे दिसले की मासा अलगद ठेवावा, तीन-चार मिनिटांनी कोळंबी. इथून पुढे पळी फिरवू नये, पातेलेच कानांना धरून हलकेच हलवावे; त्या १७५१ च्या पद्यातही चाउडर ढवळायचे नसते असे बजावलेले आहेच. कोळंबी गुलाबी होऊन अर्धवट वळली की गॅस बंद करावा; पूर्ण वेटोळे झाली की ती चिवट होते. तिसऱ्या घालून झाकण ठेवावे आणि निदान दहा मिनिटे पातेल्याला हात लावू नये, चव मुरते ती याच वेळात.

उरलेले चाउडर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावे आणि दुसऱ्या दिवशीच संपवावे. गरम करताना आच मंद ठेवावी व उकळी येऊ देऊ नये. डीप फ्रीजमध्ये मात्र ते ठेवू नये, बटाटा रवाळ होतो आणि दूध पाण्यापासून वेगळे पडते. पुन्हा करायचे मनात असेल तर नुसता गाळलेला रस्सा डब्यात भरून गोठवावा. तो महिनाभर टिकतो.