एक्स्पो चालू केलं की निळी स्क्रीन: दोष रॅमच्या संख्येत होता

माझ्या पीसीत रायझन ५ ७६००एक्स प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, डीडीआर५ रॅम (वेग ६०००). निवड बरोबर होती. ए६२० बोर्ड स्वस्त पडतो, पण त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, म्हणजे ठरलेल्या वेगाच्या वर नेता येत नाही.

चूक झाली ती ८ जीबीच्या चार स्टिक घेण्यात. एक्स्पो (रॅमला तिच्या जाहीर वेगावर नेणारी बायोसमधली सेटिंग) चालू केलं की विंडोज उघडताना निळी स्क्रीन, म्हणजे क्रॅश. चार स्टिकचा भार ६००० वर मेमरी कंट्रोलरला (प्रोसेसरमधला रॅम सांभाळणारा भाग) सहसा पेलवत नाही. एएमडी चार स्टिकसाठी ३६०० चीच हमी देते. शेवटी पुण्यातल्या तापकीर गल्लीतून १६ जीबीच्या दोन घेतल्या, सीएल३० (रॅमच्या प्रतिसादाला लागणारा उशीर; आकडा कमी तितका चांगला). प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवल्या.

पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करत असतो, म्हणजे तिच्याशी जुळवून घेत असतो, घाबरून बटण दाबू नका. एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलरला मिळणारं) १.२५ व्होल्ट ठेवलं, १.३ च्या वर अजिबात नेऊ नका, प्रोसेसर जळू शकतो. मग रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम), एकही एरर नाही.

कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करणारी सेटिंग) उणे १५ वर चालला. पण त्याची चाचणी पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी, खोलीतला पंखा बंद ठेवून घ्या. ९५ अंशांना ही चिप वेग कमी करू लागते.